गोलमागची पेटी

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी काटोलजवळच्या आमच्या बागेत होतो. अंबिया बहाराची तोड चालू होती. झाडांखाली संत्र्यांचे ढीग पडलेले, बाया बसून मोठी फळं वेगळी, बारीक वेगळी करत होत्या आणि मी दरवर्षीप्रमाणे एक लाकडी पेटी बाजूला घेऊन तिच्यात निवडक फळं भरत होतो. आता सगळा माल प्लास्टिकच्या क्रेटमधून जातो. लाकडी पेटी मी या एका कामासाठी सुताराकडून ठोकून घेतो. फोनवर वसंताच्या शेजारचा माणूस होता. वसंतभाऊ सकाळी मैदानावर जायला निघाले, बुटांच्या नाड्या बांधायला ओट्यावर बसले आणि उठलेच नाहीत, असं त्याने सांगितलं. मी ‘बरं’ म्हणालो. खरंच, एवढंच म्हणालो, आणि हातातलं संत्रं पेटीत ठेवून पुढचं उचललं. पेटी भरली, वर गवत अंथरलं, झाकण ठोकलं... आणि मग लक्षात आलं की ही पेटी ज्याच्यासाठी भरली तो माणूस आता नाही. तरी ती मी गाडीच्या डिकीत टाकलीच. त्याच्या घरी जायचं तर पेटी घेऊन जायचं, ही सवयच पडली होती.

वसंता साठीला टेकला होता. नागपुरात फुटबॉल बघणाऱ्या जुन्या लोकांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको, पण वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचणारे सगळेच मैदानावर येत नाहीत, म्हणून सांगतो. वसंता गोलकीपर होता. उत्तर नागपुरातल्या वस्तीतला, आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, वडील गिरणीत. खेळाडू कोट्यातून त्याला सरकारी नोकरी लागली. खेळणं थांबलं तसं त्याने वस्तीतल्या मुलांना शिकवायला घेतलं आणि रविवारी आम्हा म्हाताऱ्यांचा जो खेळ चालतो त्यात अगदी गेल्या महिन्यापर्यंत तोच गोलात उभा राहायचा. गुडघ्याला पट्टा, डोक्याला टोपी, आणि तोंडाने अखंड बडबड.

शोकसभेत त्रिशरण-पंचशील झाल्यावर बोलायला उठलेल्या चौघांनी एकच गोष्ट सांगितली. वसंताने भर सामन्यात गोलमागची तारेची जाळी ओलांडून प्रेक्षकांत उडी घेतली, त्याला घाण शिवी देणाऱ्या माणसाची कॉलर धरली, आणि पुढे त्याच माणसाला जन्मभराचा मित्र केला. प्रत्येकाने शेवटी माझ्याकडे बोट दाखवलं. शिवी देणारा सुधाकर तो हाच, बघा, कसा रडतो आहे. लोक हळहळले. एकाने माझ्या पाठीवरून हात फिरवला. पुरवणीसाठी लिहा म्हणून जे सांगायला आले तेही म्हणाले, ती जाळीची गोष्ट तुमच्याच शब्दांत येऊ द्या. येऊ देतो. फक्त ती माझ्या शब्दांत आजवर कधी आलेलीच नाही.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका बँकेत कारकून होतो आणि सामने बघायचं मला भारी वेड होतं. ज्यांनी इथले स्थानिक सामने पाहिले आहेत त्यांना आमची एक रीत ठाऊक असेल. मध्यंतर झालं की अर्धं मैदान उठून दुसऱ्या टोकाला जातं. म्हणजे आपला संघ ज्या गोलवर मारणार त्या गोलच्या मागे जाऊन बसायचं आणि समोरच्या गोलकीपरला चाळीस मिनिटं सतवायचं. बिचाऱ्याला मागे वळता येत नाही. त्याची उंची, त्याचे पाय, त्याचं लग्न, सासुरवाडी, काही म्हणजे काही सोडायचं नाही. मी यात वस्ताद होतो. माझ्या बोलण्यात आई-बहीण नसे, मला त्याचा अभिमानही होता, पण लोकांना हसवावं तर मीच. बँकेत दिवसभर ‘साहेब, साहेब’ करणारा माणूस तिथे गेला की त्याला वाचा फुटायची.

त्या दिवशी माझे वडील माझ्याबरोबर होते. डोळ्यांच्या तपासणीसाठी गावाहून आले होते, आणि घरी एकटे कंटाळतील म्हणून मी त्यांना सामन्याला नेलं. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. माझं बोलणं आणि लोकांचं हसणं ऐकून मात्र ते खुलले होते, पोराला शहरात एवढे लोक ओळखतात म्हणून. कुणीतरी शेजारी बोलता बोलता गोलकीपर कोणत्या वस्तीतला ते सांगितलं. आणि मी... हे लिहिताना हात थांबतो... मी वडिलांना कोपर मारून म्हणालो, "बाबा, तुमी बी बोला ना काही." तेव्हा वडील उठून उभे राहिले, हातांचा कर्णा केला आणि वसंताच्या जातीवरून जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही. गावात तो शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मैदानावर तो फार मोठा ऐकू आला.

चेंडू तेव्हा लांब, दुसऱ्या टोकाला होता. वसंता वळला. सामना सुरू झाल्यापासून तो पहिल्यांदाच वळला. त्याने हातमोजे काढले, खांबाजवळ नीट एकावर एक ठेवले आणि जाळीवर चढला. पंच शिटी वाजवत धावत येत होता. आमच्या आजूबाजूची माणसं एका क्षणात पांगली, मघाशी खांद्याला खांदा लावून ओरडणारे सगळे. मी आणि वडील तेवढे उरलो. वसंता समोर आला. त्याने आधी वडिलांकडे पाहिलं. हे मला पक्कं आठवतं. पांढरी टोपी, धोतर, एका डोळ्यावर डॉक्टरांनी लावलेली पट्टी. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझी कॉलर धरली.

"बोल," तो म्हणाला. "आता तोंडावर बोल."

मी बोललो नाही. तो मी नव्हे, एवढे तीन शब्द होते. पण ते म्हटले की पुढचा प्रश्न येणारच होता, मग कोण? आणि उत्तर माझ्या शेजारी उभं होतं. मला वाटलं आता पडते थोबाडीत. पण त्याने कॉलर सोडली आणि म्हणाला, "उद्या सकाळी साडेसहाले इथंच ये. मागून नाही, सामनेसे बोल." आणि परत जाळी चढून गेला. पंचाने लाल कार्ड दाखवलं. त्याचा संघ हरला आणि उरलेला हंगाम त्याला बाहेर बसवलं. शिवी देणाऱ्याला काहीच झालं नाही. तेव्हा होत नसे आणि आताही, मोबाईलवर सगळं दिसतं तरी, फारसं होत नाही. जाळी ओलांडणारा तेवढा दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी का गेलो, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. खरं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो, हे मात्र नक्की. मैदानावर तो एकटा होता, पाठीवर चेंडूंची जाळी. मी म्हणालो, "वसंतभाऊ, काल जे झालं ते..."

"काल झालं ना," तो म्हणाला. "गोलच्या मागं जाय. तिथून मले सांग, मी दोन्ही खांबांच्या बराबर मधात हाय का नाही."

मी गेलो. गोलकीपरची खरी अडचण मला त्या दिवशी कळली. समोरचं सगळं मैदान त्याला दिसतं, फक्त आपलाच गोल दिसत नाही. पुढे आला की मागचे खांब कुठे राहिले ते त्याला अंदाजाने ओळखावं लागतं. मागे बसलेल्या माणसाला ते आयतं दिसतं. "अर्धं पाऊल डावीकडं," मी म्हणालो. तो सरकला. "बस." तो थांबला. अर्धा तास हेच चाललं, आणि मला सांगायचं होतं ते तोंडातच राहिलं. जाताना तो म्हणाला, "रविवारी येजो." मी रविवारी गेलो, पुढच्या रविवारीही गेलो, आणि असे पंचवीस वर्षांचे रविवार निघून गेले.

पुढे त्याचे सामने सुरू झाले तेव्हाही माझी जागा तीच होती, त्याच्या डाव्या खांबाच्या मागे. पूर्वी जिथून टर उडवायचो तिथूनच आता हळू आवाजात ‘डावीकडं’, ‘मागं ये’ सांगायचो. बाकीचे लोक त्याला सतवत असत आणि त्यांच्यातच मी बसलेला. वसंताची एक सवय होती. खेळ सुरू व्हायच्या आधी तो पुढे बघत उभा राहायचा आणि डावा हात पाठीमागे उचलायचा, पंजा उघडा. वळायचा नाही. मी म्हणायचो, "हाव." हाव म्हणजे आमच्याकडचं ‘हो’. मग हात खाली. मी आहे की नाही एवढं विचारायची ती त्याची पद्धत होती.

वडिलांना मी हे सगळं त्या दिवाळीला सांगितलं. ते ओसरीवर बसून ऐकत होते. मध्ये एकदाच त्यांनी विचारलं, "त्यानं तुले काहून धरलं, सुधाकर?" मी म्हणालो, मीच तर सारखा ओरडत होतो, त्याला वाटलं असेल मीच. मी निघताना वडिलांनी एक पेटी माझ्या रिक्षात चढवली. "हे त्या गोलकीपरले दे," म्हणाले. नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. त्यानंतर दरवर्षी बहार तुटला की एक पेटी निघायची. एकेक फळ ते स्वतः निवडायचे, डाग नाही, पोकळ नाही, देठाला दोन पानं. व्यापाऱ्याला एवढा चांगला माल त्यांनी कधी दाखवला नसेल.

वसंता पेटी घ्यायचा. झाकण उचकटायचा, वास घ्यायचा, ‘वा’ म्हणायचा आणि मैदानावरच्या मुलांना सगळी संत्री वाटून टाकायचा. स्वतः एक फोडही तोंडात टाकायचा नाही. पहिल्या वर्षी मी आग्रह केला तर म्हणाला, "मले आंबट चालत नाही गा." मी विश्वास ठेवला. पित्ताचा त्रास कुणाला नसतो? रिकाम्या पेटीवर मात्र तो माझी बसायची सोय करायचा. उलटी टाकून, हाताने धूळ झटकून. एक पेटी वर्षभर टिकायची, तोवर पुढची यायची.

एका वर्षी वडील स्वतः तयार होऊन बसले. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा. पेटी मांडीशी. म्हणाले, "मी बी येतो. एक डाव भेटून घेतो त्याले." तोवर मैदानावर माझं सगळं छान चाललं होतं. वसंता लोकांना माझी ओळख करून द्यायचा, ‘याच्यासाठी मी जाळी ओलांडली होती’, आणि मी मान खाली घालून हसायचो. शिवी दिलेला पण सुधारलेला माणूस म्हणून मला मानही मिळत होता, कुठे कुठे तर मला भाषणालाही बोलवत. वडील आले असते तर दोन मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं. मी म्हणालो, बाबा, ऊन आहे, तुम्हाला प्रवास झेपणार नाही, त्याचा सरावही असतो, मी देतो ना. त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. मग टोपी काढून खुंटीला लावली आणि बागेत निघून गेले. पुढच्या बहारापर्यंत ते राहिले नाहीत.

अंत्यविधीला वसंता आला होता. बसने आला, पुढे झाला आणि वडिलांना खांदा दिला. आमच्या भाऊबंदांतल्या दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी त्याच्या मागेच होतो. वडिलांचं ओझं आपल्या खांद्यावर घेऊन चाललेली त्याची पाठ मला दिसत होती आणि मला वाटलं, याला काहीच माहीत नाही, माहीत असतं तर हा आला असता का? त्या विचाराने मला हायसं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं ते असं.

आता डिकीतल्या पेटीबद्दल. वसंताच्या घरी त्या दिवशी ती बाहेर काढायची माझी छाती झाली नाही. गेलेल्यासाठीचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे पांगले, तोवर गाडीभर संत्र्यांचा वास भरला होता. मग एका दुपारी मी ती उचलून आत नेली. वहिनी, म्हणजे वसंताची बायको, समोरच्या खोलीत एकट्याच होत्या. पेटी खाली ठेवली आणि कुणी ढकलल्यासारखं मी बोलत सुटलो. ती शिवी माझी नव्हती, वडिलांची होती, मी पंचवीस वर्षं लपवलं, त्याला सांगायचं राहून गेलं, सगळं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "मालूम हाय, भाऊ. यायलेही मालूम होतं. गोलकीपरले मागचा आवाज समजत नाही का? म्हाताऱ्याचा आवाज अन् जवानाचा आवाज."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, संत्री तेवढी वाटून टाका, त्याला आंबट चालत नव्हतंच.

"कोणाले चालत नव्हतं?" त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "संत्र्याबिगर हिवाळा जात नव्हता यायचा. रोज ठेल्यावरून आणत. फक्त तुमच्या पेटीतलं नाही खाल्लं. मी विचारलं एकदा, काहून? तं म्हणे, बुढा सोता घेऊन आला तं खाईन. आणल सुधाकर त्याले एखाद्या दिवशी." मग त्या म्हणाल्या, "तुमचे बाबा गेले तवा तिकडून आल्यावर दोन दिवस जेवले नाही हे. म्हणे, राह्यलंच ते."

पाणी न घेताच मी उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "ही पेटी ठेवू का?" मी हो म्हणालो की नाही, ते मला आठवत नाही.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. एकीकडे धुतलेलं धोतर नेसून बसलेला म्हातारा, दुसरीकडे त्याची वाट बघत संत्र्याला हात न लावणारा गोलकीपर, आणि मध्ये मी, दरवर्षी पेटी घेऊन बसने जाणारा. दोघांमध्ये पन्नास-साठ किलोमीटरचं अंतर होतं. मी नसतो तर ते भेटले असते, असं मनात येतं. मग वाटतं, मी नसतो तर भेटायचं कारणच नव्हतं. वसंताला ठाऊक होतं तर त्याने वडिलांना का नाही धरलं? डोळ्यावरची पट्टी पाहून सोडलं? मग मला का धरलं? मी वडिलांना कोपर मारलं ते पाठमोऱ्या माणसाला दिसणं शक्य नव्हतं. पण एक गोष्ट मी वहिनींनाही सांगितली नाही. वडिलांचा शब्द संपल्यावर मागे जो हशा उठला त्यात सर्वांत आधी मी हसलो होतो. वडील पहिल्यांदाच माझ्यासारखं काही बोलले म्हणून हसलो, की शब्दावर हसलो, मला खरंच सांगता येत नाही. आवाज ओळखणाऱ्याला हसणंही ओळखता येत असणार. म्हणजे शोकसभेत सांगितलं तसं त्याने योग्य माणसालाच धरलं होतं, असंही असेल... आणि नसेलही. विचारायला आता कुणी नाही. मित्र होता की पंचवीस वर्षं मला संधी देत होता, की दोन्ही, यातलं काही मला नक्की सांगता येणार नाही. एवढं मात्र कळतं की तो मला हवा आहे. रविवारी सकाळी सहा वाजता तर फारच.

गेल्या रविवारी गेलो होतो मैदानावर. आमच्या खेळात आता गोलात कुणीही आळीपाळीने उभं राहतं. गेल्या वर्षीची पेटी डाव्या खांबामागे तशीच उलटी पडलेली होती. मी धूळ झटकून बसलो. शिटी वाजायच्या आधी माझी नजर आपोआप समोर गेली, त्याचा हात मागे यायचा त्या उंचीवर. गोलात दुसराच कुणी होता, कमरेवर हात ठेवून. आणि बसल्या जागी मला एकदम वाटलं की इतक्या वर्षांत वसंताने, मी आहे का, असं कधी विचारलंच नसेल. मी मागे आहे हे त्याला न बघताही कळत होतं. तो दर रविवारी, न वळता, मला तोंड दाखवायची वेळ येऊ न देता, उघडा पंजा मागे करून विचारत होता, आज खरं सांगतो का? आणि मी दर वेळी ‘हाव’ म्हणत होतो.